उलटी वाहणारी वशिष्ठा

"संपलं! आता थेट बंगालच्या उपसागरात!" भर पात्रात नावेचं इंजिन बंद पडलं, तसे गायधनी सर ओरडले.

नाशिकच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. समुद्राजवळ गोदावरीला फाटे फुटतात, त्यातल्या वशिष्ठेच्या पाण्यावर भात आणि नारळ पिकतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. प्रत्यक्षात ती वशिष्ठा ते आज, निवृत्तीनंतर, पहिल्यांदाच पाहत होते.

शेजारी त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी डोळे मिटून नृसिंहाचा धावा सुरू केला. नावाडीण मात्र निवांत शहाळं पीत बसली होती.

"बाई, अहो काहीतरी करा!" सर म्हणाले.

"काठाकडे बघा तरी," ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "भरती आहे. समुद्र आपल्याला आत ढकलतोय."

सरांनी बघितलं. नाव खरंच नाशिकच्या दिशेने चालली होती! नावाडिणीने बांबू रेटत ती आरामात वरच्या धक्क्याला लावली.

खाली उतरताच सरांना एक जुना पेपर आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी सातवीतल्या कुंदा लोहोकरेने पेपरात लिहिलं होतं, 'नदी कधीकधी उलटीही वाहते.' सरांनी तिला शून्य मार्क दिले होते. आता तीच त्यांच्या जागी भूगोल शिकवत होती. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला.

"कुंदा, तुझं उत्तर बरोबर होतं गं. नदी उलटी वाहते."

"मग येताना लाल पेन घेऊन या, सर," कुंदा म्हणाली. "पेपर मी जपून ठेवलाय."