घडी न मोडलेली साडी

नको असलेल्या कपड्यांच्या पिशव्या शिवायचं शिबिर विद्यापीठात होतं. ढिगातून अस्मिताच्या हाती करवतकाठी टसर साडी आली. तिच्या आईने मागावर विणलेली आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर अस्मितानेच आपल्या मार्गदर्शक खानझोडे मॅडमना दिलेली. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मॅडम, ही कुणाची?"

"माझीच गं. कुणीतरी दिली होती. असली साडी नेसून जाणार कुठे? काप, छान पिशव्या होतील."

प्रबंधावर मॅडमची सही अजून व्हायची होती. अस्मिताने कात्री चालवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मॅडम ती साडी नेसल्या का गं कधी?"

"आज आणली होती," अस्मिता म्हणाली. "सगळ्यांनी हात लावून पाहिली."

आई खुलली. "मग तू डॉक्टर झालीस की त्यांना आणखी एक देऊ. उद्याच मागावर बसते."