‘येतो’ म्हणून गेलेला

लढाऊ विमानांचा सराव संपला की देवखेडवरचं आकाश त्याच मिनिटाला प्रवासी विमानांना मोकळं व्हायचं. ही देवाणघेवाण एक यंत्र वैमानिकाचं बोलणं ऐकून करी. त्याला मराठी समजते, असं ते बसवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

आज मात्र नियंत्रक आचरेकरबाईंच्या पडद्यावर आकाशाचा तो तुकडा लालच राहिला. वेशीवर रुग्णविमान खोळंबलं होतं. वळसा घ्यावा तर वीस मिनिटं जादा, आणि आतल्या बाळंतिणीला दहाही झेपणार नाहीत, असं डॉक्टर सांगत होते.

“निंबाळकर, तुमचा सराव संपला ना?” बाईंनी लढाऊ विमानाच्या वैमानिकाला विचारलं.

“कधीच, मॅडम! परत निघालोय. यंत्राला रीतसर ‘येतो’ म्हटलं की.”

बाईंनी कपाळावर हात मारला. येणाऱ्या माणसासाठी यंत्र इमानदारीत जागा धरून बसलं होतं, आणि ज्याने धरायला लावली त्याच्याच आवाजावर ते ती सोडणार होतं.

“आता त्याला ‘जातो’ म्हणा.”

आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारा माणूस एकदम कचरला.

“विमानात बसून? अहो, मी घराच्या उंबऱ्यावरसुद्धा म्हणत नाही तसं.”

“निंबाळकर, ती बाळंतीण जाईल.”

निंबाळकरांनी यंत्राची वाहिनी उघडली.

“जातो,” ते म्हणाले.

तुकडा हिरवा झाला. रुग्णविमान आत शिरलं. आचरेकरबाईंनी मात्र, नियमात बसत नसताना, निंबाळकरांची चाकं जमिनीला टेकेपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं. डब्यात काय आणलंय, मुलगी कितवीत आहे, असलंच काहीबाही.