उत्तर आलं नाही तर

दामारने सुरबाया शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी एआय एजंटला जोडायचं प्लग-इन तयार केलं. ऑपरेशनची तारीख जवळ आली की एजंट रुग्णाला मेसेज पाठवायचा. दोन मेसेजना उत्तर आलं नाही, तर ती तारीख पुढच्या रुग्णाला देऊन टाकायचा.

"म्हातारी माणसं असतात रे. निदान एक फोन तरी करू दे एजंटला," सोबत काम करणारी वेनिंग म्हणाली.

"ज्याला जगायचंय तो देईल उत्तर," दामार हसला. "नाहीतर मागे रांग आहेच."

हॉस्पिटलवाले खूश झाले. पुढे दामारच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशनही तिथेच ठरलं. गावाहून उपाशीपोटी आलेल्या वडिलांना घेऊन तो काउंटरवर गेला, तर नर्स म्हणाली, "यांची तारीख काल दुसऱ्या पेशंटला गेली. आता लेबारानचा सण झाल्यावरच मिळेल."

सणाला तीन महिने होते. डॉक्टरांनी महिनाभराचीही खात्री दिली नव्हती.

"बाबा, तुम्हाला हॉस्पिटलचा मेसेज नव्हता आला?" दामारने कसंबसं विचारलं.



"आला होता की, दोनदा," वडील शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले. "पण तूच बजावलं होतंस ना, अनोळखी नंबरवरून काही आलं तर समोर चोरच असतो म्हणून? दोन्ही पुसून टाकले."