नवी मूठ

भरतने दुचाकीच्या हँडलच्या डाव्या टोकावरून पेट्रोलचं फडकं फिरवलं आणि नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासातूनही खोबरेल तेलाचा वास येत होता. त्याने फडकं उलटं केलं आणि पुन्हा पुसायला लागला.

सेजल समोर उकिडवी बसून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून होती. तिच्या कोपरावरची खपली अजून ओली होती.

वर ओटीवर भरतची आई, आवडी, बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. रविवारी सेजल तिला गाडीवर मागे बसवून पोलादपूरला डोळे तपासायला निघाली होती. कापडे गावाच्या बाहेर उतारावर गाडी खड्ड्यात आदळली आणि दोघी रस्त्यावर पडल्या. तेव्हापासून आवडी सुनेशी बोलत नव्हती. बोलायचं ते भिंतीकडे बघून, नाहीतर शेजारच्या ठकूबाईशी.

"हात बसंल तवा बसंल," ती आताही भिंतीला म्हणाली. "पन हिच्या हातात गाडी परत द्यायची नाय."

"नाय घेणार मी, आई," सेजल म्हणाली.

सेजल गावची आशाताई होती. वरच्या वाड्यांवर गोळ्या पोचवायच्या, बाळंतिणींना बघून यायचं. गाडी शिकल्यापासून ती जेवायच्या वेळेला घरी परतायची. या आठवड्यात रोज उन्हं कलल्यावर, पाय ओढत येत होती.

भरतने रबरी मूठ उचलली. काडीला चिंधी गुंडाळून तो ती आतून पुसायला लागला.

"किती जोरात आवळली असंल मी," सेजल हळूच म्हणाली. "नवी कोरी मूठ उपसून हातात आली. रस्त्यावर पडले तरी मुठीतच व्हती. तुम्ही शनिवारीच बसवली व्हती नि मी दुसऱ्या दिवशी वाट लावली."

भरतची काडी थांबली.

शनिवारी संध्याकाळी त्यानेच ती बसवली होती. चढत नव्हती, म्हणून आतून खोबरेल तेल लावलं. मग सर्रकन चढली. स्टँडपर्यंत एक फेरी मारली तेव्हा ती तळव्याखाली फिरत होती, बाहेर सरकत होती. त्याने दोनदा ढकलून आत केली. सकाळपर्यंत तेल सुकेल, असं तो स्वतःला म्हणाला.

"सेजल."

"काय?"

"तू नाय उपसलीस. ती ढिलीच व्हती."

सेजलने मान वर केली.

"मी तेल लावून चढवली. फिरत व्हती, ते मला म्हाईत व्हतं."

कुंपणापलीकडे ठकूबाईची कोंबडी ओरडत होती.

"मी निघताना तुम्हाला विचारलं व्हतं," सेजल म्हणाली. "गाडी बरोबर हाय ना, म्हणून."

"हां."

"तुम्ही बुटाची नाडी बांधत व्हता. वर बघितलं पण नाय. 'हाय, जा' म्हणालात."

"मॅच व्हती," भरत म्हणाला. "गाडी बरी नाय म्हटलं असतं तर आईला मलाच एसटीने न्यायला लागलं असतं."

सेजलने चाक सोडलं. हँडल आपोआप एका बाजूला वळलं आणि भरतच्या गुडघ्यावर आपटलं. त्याने ते बाजूला केलं नाही.

"बाबू," आवडीने हाक मारली. आता ती भिंतीकडे बघत नव्हती. "मी साऱ्या आळीत सांगितलं, सुनेनं पाडलं म्हणून. माहेरच्या मानसांना सांगितलं. दवाखान्यात ती नर्स व्हती, तिला सुदिक सांगितलं. आनि तू हितंच बसून व्हतास."

"आई—"

"ऊठ. ठकूबाईपासनं सुरू कर. मला हा हात घेऊन घरोघर फिरता यायचं नाय."

"मूठ बसवून जातो."

"ती ऱ्हाऊ दे. आधी जा."

तो तसाच उठला. बोटांना काळं लागलेलं होतं. ते अर्ध्या चड्डीला पुसत तो कुंपण ओलांडून गेला.

ठकूबाई पडवीत करवंदं निवडत होती. भरत पायरीशी उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं बोलून टाकलं. तेल, फिरणारी मूठ, मॅच. आपण गप्प राहिलो, तेही सांगितलं. बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ठकूबाईने हातातली करवंदं सुपात टाकली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली.

"शाना हायस रे. बायकोचा दोष आपल्या अंगावर घेनारा बाप्या या आळीत मी पयल्यांदा बघते."

"नाय गो काकी, खरंच माझीच चूक—"

"असू दे, असू दे. मी नाय कुनाला सांगत." तिने पानाचा द्रोण केला, काळीभोर करवंदं निवडून त्यात भरली आणि त्याच्या हातात दिली. "सेजलला दे. म्हनावं, नशीब काढलंस गो."

"काकी, ऐक तरी."

"ऐकलं की सगळं. जा, आईला जप."

तो परत आला तेव्हा मूठ बसलेली होती. सेजल पक्कडीने तिच्यावर तार आवळत होती. आवडी ओटीवरून खाली उतरून, डाव्या हाताने हँडल धरून उभी होती.

"सांगितलंत?" सेजलने मान न वळवता विचारलं.

"सांगितलं."

तिने तारेचं टोक मोडून आत दाबलं, मग वर बघितलं. तिची नजर त्याच्या हातातल्या द्रोणावर थांबली.

"मग ही करवंदं कशाला दिली तिनं?"