पुलाखालचा मासा

“सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी सांगतच नाही,” असं म्हणून घड्याळवाल्या काकांनी सांगायला सुरुवात केली.

ते सलूनच्या खुर्चीत होते, गळ्यापर्यंत कापड आणि हनुवटीभर फेस. वस्तऱ्याखाली बसून गोष्ट सांगायला छाती लागते. काकांची छाती तशी मोठी. मागच्या बाकावर काकू मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसल्या होत्या. दाढी उरकली की दोघांना बाजारात जायचं होतं.

विषय सलूनवाल्यानंच काढला होता. आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी, त्यानं तीन माश्या मांडल्या होत्या. खऱ्या नव्हेत. गळाला केस आणि पिसं बांधून केलेल्या, पाण्यावर टाकून माशाला फसवायच्या. एक पांढरी, एक पिवळी, एक काळी. केस गिऱ्हाइकांचेच.

“आज चांदणं नाही,” तो म्हणाला होता. “रात्री पुलाखाली उतरणार आहे. अख्खा उन्हाळा तो मोठा मासा मला हुलकावण्या देतोय. आज नाही मिळाला तर काठी विकून टाकतो. काका, यातली कुठली लावू?”

वस्तऱ्याखाली काकांचा कंठ एकदा वर गेला आणि खाली आला.

“कुठलीही लाव. तो मासा आता तिथं नाही. मागच्या महिन्यात मी काढला.”

वस्तरा थांबला. सलूनवाल्याचं तोंड उतरलं. पण माणूस चौकस, त्याच्यानं राहवेना.

“पांढरीवर काढला असेल. अंधारात दिसायला नको?”

“कुणाला दिसायला? तुला का माशाला?” काका म्हणाले. “मासा बघतो खालून वर. त्याच्या डोक्यावर आभाळ. काळोख कितीही असो, आभाळ पाण्यापेक्षा उजळच राहतं. त्यावर काळीच उठून दिसते, भिंतीवरच्या झुरळासारखी. पांढरी चांदण्यासाठी ठेव.”

“आणि बारीक का मोठी?”

“मोठी. झुपकेदार. पाणी ढकलत गेली पाहिजे. रात्रीचा मासा अर्धं डोळ्यांनी ओळखतो, अर्धं अंगानं.”

“मग ओढायची कशी?”

काकांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि हवेतली दोरी चिमटीत धरली. जुन्या घड्याळाला चावी द्यावी तशी ती हळू, थांबत थांबत ओढून दाखवली. सलूनवाल्याचीही बोटं वस्तऱ्यावर तशीच हलली.

“दोरी लांब फेकायचा सोस नको. दोन काठ्यांइतकी, बस्स. बॅटरी पाण्यावर मारलीस की सरळ घरी जा. आणि धपकन आवाज आला म्हणून लगेच काठी उचलायची नाही.”

“का बरं?”

“आवाज काय, कुणीही करतं. बोटाला वजन लागू दे.”

काकांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

“तुम्हाला वजन लागलं तेव्हा?”

“मला लागलं तेव्हा पूल हलला.”

“पूल?”

“थोडा,” काका म्हणाले. “दोरी अशी ताणली गेली, की माशाच्या काळजाचे ठोके माझ्या बोटाला लागायला लागले. आयुष्यभर हेच काम केलंय रे, लगेच कळलं. मिनिटामागं चार ठोके मागं चालत होतं. म्हटलं, वय झालंय बाबाचं, आता दमेल. तर दमलो मी. शेवटी बाहेर काढला, तसं नदीचं पाणी वीतभर खाली गेलं. पलीकडच्या बेडकांना बिऱ्हाडं हलवावी लागली.”

“आणि घरी नेला कसा?”

“सायकलवर. शेपूट रस्त्याला घासत होतं. अजून रेघ आहे, बघून ये.”

“रेघ मी बघितलीय,” सलूनवाला हळूच म्हणाला. “मला वाटलं पाण्याच्या पाइपसाठी आखलीय.”

“लोकांना काहीही वाटतं,” काका म्हणाले. गाडी उताराला लागली होती. आता ब्रेक कोण लावतो. “घरी नेला, हिनं शिजवला. पातेलं शेजारून आणावं लागलं. तीन दिवस खात होतो.”

सलूनवाल्यानं सुस्कारा सोडला. वस्तरा बाजूला ठेवला, काड्यापेटी उघडली. पांढरी माशी आत ठेवली, मग पिवळी. काळी त्यानं उचलली खरी, पण तळहातावरच राहू दिली. तिची पिसं फुंकरीनं सरळ करत त्यानं बाकाकडे मान वळवली.

“काकू, चवीला कसा होता हो?”

आरशातून काकांनी काकूंकडे पाहिलं. अर्ध्या फेसातला तो चेहरा एवढा गरीब झाला होता, की दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. काकूंनी पिशवीची घडी केली, ती पुन्हा उलगडली.

“काळीच लाव,” त्या सलूनवाल्याला म्हणाल्या. “आणि आजच जा. तो मासा घरी आला असता, तर काल रात्री हे घरी असते.”