मामाचं काम

"दिसत नाही ना? मग चावून सांगा."

लेकीने दगडाचा मनगटाएवढा जाड तुकडा बाबांच्या हातात ठेवला. सकाळीच बोगद्याच्या तळाला भोक पाडून तो काढला होता. तिकडे सुरुंग भरायची तयारी चालली होती, माणसं आत होती आणि साहेबांनी तिला एका वाक्यात वाटेला लावलं होतं : "तुझ्या बाबांना विचार आणि कळव."

बोगदा उताराने खाली चालला होता तो बाबांच्या नकाशावर भिस्त ठेवून. वाळूच्या खडकाखाली टणक लाव्हा आहे, खुशाल जा, असं नकाशा सांगत होता. शेजारच्या टेकडीत बाबांनी तो क्रम स्वतः पाहिला होता : तळाला लाव्हा, त्यावर वाळू, सगळ्यात वर राखेची चिकणमाती. कोणे एके काळी इथे समुद्र होता आणि त्याच्या कडेने ज्वालामुखींची रांग होती. त्यांची राख, वाळू पाण्यात यायची. जड कण आधी बुडायचे, बारीक गाळ मागाहून सावकाश बसायचा. म्हणून प्रत्येक थर खाली भरड, वर मऊ. पाण्याच्या पेल्यात माती ढवळून बाबांनीच तिला हे लहानपणी दाखवलं होतं.

सकाळच्या तुकड्यांत भरड वर होतं आणि मऊ खाली. एकजात सगळ्या तुकड्यांत. म्हणजे जमिनीची घडी पडताना इथले थर पालथे झाले होते. मग वाळूखाली लाव्हा कुठला? तिथे राखेची माती असणार, पाणी पिऊन फुगणारी. सुरुंग उडाला की बोगदा त्या मातीत घुसणार आणि छत अंगावर येणार.

पण हे बाबांना सांगायचं कोणी? नकाशा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. डोळे गेल्यापासून तेवढाच मान उरला होता. सरळ सांगितलं असतं तर ते हट्टाला पेटले असते, आणि आता वाद घालायला वेळ नव्हता.

त्यात घरात उलट्या गोष्टीला नावच पडलं होतं : मामाचं काम. सदरा उलटा घातला, मामाचं काम. उशीचा अभ्रा उलटा, मामाचं काम. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एके काळी बाबांच्या हाताखाली होता, याच डोंगरातून काढलेले दगड पेट्यांत ओळीने मांडायचा. बाबांनी पेट्या उघडल्या तर सगळे तुकडे उलटे. त्यांनी ते सरळ करून घेतले, मेव्हण्याला चारचौघांत फैलावर घेतलं आणि घरी पाठवलं. त्यानंतर मामाने या घराचा उंबरा ओलांडला नाही. त्या विनोदाला सगळे हसायचे, आई सोडून. आपला मामा होऊ नये म्हणून लेक प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला लाल बाण काढायची.

बाबांनी एका टोकाची भुकटी नखाने खरवडून दातांखाली घेतली. कचकच आवाज झाला. मग दुसऱ्या टोकाची घेतली. ती लोण्यासारखी विरघळली.

"सोप्पं आहे," ते खुशीत म्हणाले. "कचकचतंय ते बूड. मऊ आहे तो माथा. हे काय विचारणं झालं?"

"बाबा, बाण बुडाकडे आहे."

बाबा खो खो हसले. "मामाचं काम!"

"बाण मी काढलाय. भोक पाडायच्या नळीतून तुकडा बाहेर आला तो माझ्याच हातात."

बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी पुन्हा खरवडलं, पुन्हा चावलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही बंद झाला. आई ऐकत होती.

"बाकीचे तुकडे?" बाबांनी हळूच विचारलं.

"सगळे असेच."

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलायच्या आत बाबांनी हात पुढे केला.

"हां, मीच बोलतोय. काम थांबवा. आधी माणसं बाहेर काढा, मग काय ते विचारा... नाही, तिचं बरोबर आहे. नकाशा चुकलाय. माझा."

पलीकडून हुकूम सुटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे लेकीच्या जिवात जीव आला. बाबा मात्र तुकडा मांडीवर घेऊन मान खाली घालून बसले होते.

"बाबा, नकाशा पुन्हा काढता येईल. मी आहे ना."

त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनी तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं.

"अगं, तुझ्या भावाचा नंबर आहे का गं? त्याने दगड बरोबर मांडले होते. उलटे मी केले."