इंजिन तापेना

घाट संपत आला तरी गाडी बंद पडायचं नाव घेईना, तेव्हा मेलिस सारखा तापमानाच्या काट्याकडे बघू लागला.

उन्हाळाभर ही गाडी घाटमाथ्यावरच्या एकाच घरासमोर मान टाकत आली होती. मग त्या घरची सायरागुल भाकरी घेऊन बाहेर यायची, कारण दाराशी आलेल्याने तुकडा मोडल्याशिवाय जायचं नसतं. चहा होईपर्यंत इंजिन निवायचं. गाडी सुरू व्हायची, मेलिसला मात्र निघवत नसे.

आज नेमका पहिला बर्फ पडला होता. मागे बसलेल्या आईच्या पिशवीत चांदीचे झुमके होते. ते नारिन शहरात राहणाऱ्या बाबांच्या मित्राच्या मुलीच्या कानात घालायचे होते. शब्द अजून दिलेला नव्हता, पण झुमके कानात गेले की लग्न पक्कं, मग संपलंच. बापापुढे तोंड उघडायची मेलिसची छाती नव्हती. त्याची सगळी भिस्त बिघाडावर होती.

उष्णता इंजिनातच राहावी म्हणून त्याने हीटर बंद केला, आणि दुसऱ्या गियरमध्ये गाडी रडवत नेली.

"हाडं गोठली रे माझी," आई म्हणाली.

"आपण कुडकुडतोय आणि नवरदेवाला घाम फुटलाय," म्हणत शेजारी बसलेल्या बापाने, जुमाकादिरने, रुमालासाठी समोरचा कप्पा उघडला. हाती एक कोरी डबी आली. "हे काय?"

"क्रँकशाफ्टचा सेन्सर, बाबा. इंजिन कुठवर फिरलं ते हा सांगतो. जुना तापला की मुका होतो, मग इंजिन बंद. निवला की पुन्हा बोलतो."

"नवा कधी घेतलास?"

"जूनमध्ये."

"बसवायला फार खटपट असते?"

"एकच बोल्ट आहे."

म्हाताऱ्याने डबी होती तिथे ठेवली आणि कप्पा लावला.

शेवटचं वळण आलं. सायरागुल दारातच उभी होती, हातात भाकरी. गाडी आज नको तितकी गुणी झाली होती. मेलिसने आधी देवाला हाक मारली, मग गाडीला शिवी घातली. घर जवळ आलं. घर समोर आलं.

बापाचा हात स्टिअरिंगखाली गेला आणि त्याने किल्ली फिरवली. गाडी दोन हिसके देऊन थांबली.

"तापली बिचारी," काचेवरचं दंव पुसत जुमाकादिर म्हणाला. "चहा होईपर्यंत निवेल. अगं, ती पिशवी घे बरोबर."